उत्तर विभाग

आमची पेठ शहराच्या उत्तरेला.
मतदारसंघाचं नाव उत्तर, देवाचं नाव उत्तरेश्वर.
शाळेत सासने मास्तर म्हणायचे,
प्रश्न नीट वाच गड्या, उत्तर त्यातच असतंय.
पन्नाशी गाठली,
अजून वाचतोय.

टपरी तालमीच्या भिंतीला लागून.
कोळशाची इस्त्री, वडलांची, मूठ तेवढी नवी.
लाईट गेली तरी धंदा थांबत नाही
आणि लाईट जातीच.
निवडणूक आली हे मला पेपरच्या आधी कळतंय:
पांढरे कुर्ते वाढायला लागतात.

सकाळी रंगराव नलवड्यांचे सहा.
दुपारी मालूताईंच्या मालकांचे चार
(वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला,
फॉर्म मालूताईंनी भरला,
खळ मात्र मालकांच्या कुर्त्याला).
दिवेलागणीला अपक्षाचा एकच.
तोच धुतो, तोच वाळवतो, तोच घालतो,
घाई त्यालाच जास्त.
रात्रभर सगळे माझ्या फळीवर एकावर एक पडून असतात.
भांडण झाल्याचं कधी ऐकलं नाही.

कॉलरवरून माणूस ओळखावा म्हणतात.
खोटं आहे. मान सगळ्यांचीच मळते.
ओळखावं ते खिशावरून.
परवा एका खिशात चिठ्ठी:
ताटं दोनशे, पांढरा रस्सा जादा,
पोरांना बूट अकरा जोड,
जोतिबाला नारळ एक.
मी लोकांच्या चिठ्ठ्या वाचत नाही.
अक्षर मोठं असलं तर नाइलाज.

गेल्या खेपेला रंगरावांनी उपरणं टाकलेलं,
मंगळवारी न्यायचं ठरलं.
सोमवारी रात्री त्यांनी पक्ष बदलला.
पोरगा आला, कुर्ते मोजून घेतले,
उपरण्याकडं बघून म्हणाला, हे कुणाचं?
मी म्हटलं, असू दे.
तवापासून ते फळीवर अंथरलंय.
इस्त्री जास्त तापली का बघायला
आधी त्याच्यावरनं फिरवतो.
रंग आता सांगता येणार नाही.
गेल्या आठवड्यात निरोप आला:
शोधून ठेव,
परत लागायची शक्यता आहे.

पाणी आमच्याकडं दोन प्रकारचं.
एक नळाला येत नाही ते,
दुसरं पंचगंगेतनं न बोलवता येतं ते.
दुसरं आलं की दोघेही नावेतनं येतात,
रंगराव आणि मालूताईंचे मालक,
बिस्किटांच्या पुड्यावर स्वतःचा फोटो.
त्या साली पोटमाळ्यावर बसून
इंदूनं फोटो बाजूला काढला,
बिस्किट चहात बुडवलं,
आणि खाली वाकून विचारलं, गटाराचं काय झालं?
वहिनी, तोंड आपल्या वॉर्डात हाय,
पण शेपूट शेजारच्यात जातंय.
नाव पुढं गेली.
ती म्हणाली, म्हंजे जनावर हाय म्हणा की.

दुकान मिटलं की मी गंगावेशीत दूध प्यायला जातो.
समोर म्हैस, समोर धार, समोर ग्लास,
मध्ये कुणी नाही.
गडी मिशीला फेस लावून सरकार पाडतात,
ग्लास विसळेपर्यंत परत बसवतात.
म्हैस रवंथ करत बघत असती.
तिला सगळं दोनदा चावायची सवय,
म्हणून असेल, मत देत नाही.

काल स्वतः रंगराव आले.
चप्पल करकरत. मागं बारा माणसं, बाराही हसरी.
फळीवर हात ठेवला,
त्याच उपरण्यावर,
ओळखलं नाही.
काय दत्तू, यंदा उत्तर कुणाचं?
मागची बाराही माणसं हसायची थांबली.
कोळशावर राख धरलेली, मी फुंकर मारली.
म्हटलं, साहेब, तुमच्या कुर्त्याचं तिसरं बटण तुटलंय.
आधी ते लावून देतो.
दाबायचं
मग बघू.